ओळखीचा शिक्का

मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे. गोल तोंडाचा, लाकडी मुठीचा, तुमच्या तळहातात सहज मावेल एवढा. माझ्यासारख्या वस्तूला कसली आली आहे भीती, असं तुम्हाला वाटेल. पण खरं सांगतो, मी जन्मभर भीत आलो आहे, आणि गेल्या वर्षी तर भीतीनं माझं उरलंसुरलं रबरही तडकलं.

माझा जन्म बेंगळुरूच्या चिकपेटेतल्या एका बोळातला. शिशाची अक्षरं जुळवून, त्यांचा साचा घेऊन, तापलेल्या दाबयंत्रात मला दाबून काढलं. वरच्या अर्ध्या गोलात कानडी, खालच्या अर्ध्यात इंग्रजी आणि मधोमध आडव्या ओळीत मराठी: ‘मराठी साह्य संघ, येलहंका’. मला घ्यायला मालोजी आले होते. ते संघाचे चिटणीस. रेल्वेची चाकं बनवणाऱ्या कारखान्यात त्यांची नोकरी होती आणि संध्याकाळी सहा ते आठ ते संघाची खोली उघडून बसत. त्यांनी मला स्वतःच्या हातावर उठवून पाहिलं, फुंकर घातली आणि रुमालात गुंडाळून बसनं येलहंक्याला आणलं.

या गावातली मराठी घरं फार जुनी. तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, दारात कानडी, आणि दोन्हींची सरमिसळ सगळीकडे. त्यांच्यापाशी शेती होती, हात होते, पण कागद फारसे नव्हते. आणि कचेऱ्यांना तर कागदाखेरीज दुसरं काही दिसतच नाही. कचेरी माणसांना ओळखत नव्हती, माणसं कचेरीला भीत होती. या दोघांच्या मध्ये मालोजींची ती पत्र्याच्या छपराची खोली होती, आणि त्या खोलीत मी होतो.

कुणी पत्र मागायला आलं की मालोजी आधी चपला घालत. घर दाखवा म्हणत. त्या घरी जाऊन बसत, पाणी पीत, शेजाऱ्याशी दोन शब्द बोलत, आणि परत येऊन स्वतःच्या अक्षरात लिहीत, की अमुक व्यक्ती अमुक गल्लीत राहते आणि आमच्या ओळखीची आहे. त्याखाली सही, आणि सहीच्या बाजूला मी. त्या पत्रावर मुलाला शाळेत घेत. नळ मिळे. रेशनकार्ड निघे. कचेरीतले कारकून मला लांबूनच ओळखत आणि म्हणत, मालोजी अण्णांचं पत्र का, मग सरी, म्हणजे ठीक आहे. तेव्हा मला किती अभिमान वाटायचा.

पण त्याच काळात माझ्या मनात भीतीही रुजली. मालोजींची मुलगी संयोगिता तेव्हा दहा वर्षांची असेल. एकदा वडील बाहेर गेलेले पाहून तिनं मला घेतलं आणि आपल्या वहीच्या पानापानावर फुलांसारखं उठवलं. मालोजी परत आले, त्यांनी ते पाहिलं आणि वही हातातून काढून घेतली. ते कधी रागावत नसत. त्या दिवशीही ओरडले नाहीत. खाली बसून म्हणाले, “पुट्टी, बाळा, हा खेळ नाही. वर जे लिहिलंय ते आम्ही स्वतः बघितलंय, असं हा सांगतो. न बघता उठला तर कुणाचं तरी घर बुडेल.”

वहीची ती पानं त्यांनी फाडून चुलीत घातली. तेव्हापासून कागदाजवळ जाताना माझ्या अंगावर काटा येऊ लागला. मला वरचं वाचता येत नाही. मी पालथा पडतो. मला फक्त माझ्याखालचा एवढासा कागद दिसतो, आणि बाकीचं धरणाऱ्या हातावर सोडावं लागतं.

पुढे तो हात बदलला. मालोजींचा पुतण्या शंभूराज संघाचा अध्यक्ष झाला. त्याच्याबद्दल मी नुसतं वाईट सांगणार नाही. त्यानं पत्र्याची खोली पाडून हॉल बांधला, पंखे लावले, लग्नांसाठी भांडी आणली. मालोजींच्या पत्राला तीन आठवडे लागत, ते काम शंभूराज एका फोनवर करी. लोक त्याचं कौतुक करत, आणि ते खोटं नव्हतं. पण तो कुणाचं घर बघायला जात नसे. त्याला तेवढा वेळ नव्हता, आणि घरापेक्षा घरातली मतं किती हे त्याला जास्त ठाऊक असे.

एका निवडणुकीच्या आधी त्यानं संघाचे कोरे कागद काढले आणि एका दुपारी दोनशे कोऱ्या कागदांवर मला उठवलं. मित्रांनो, माझ्या आयुष्यातली ती पहिली भयंकर दुपार. वर काय लिहिलं जाणार, ते कोण लिहिणार, कुणाच्या नावानं लिहिणार, काहीच माहीत नाही, आणि खाली मी आधीच साक्ष देऊन बसलेलो. ते कागद कुठं गेले ते मला आजही माहीत नाही. मालोजींनी सभेत हरकत घेतली. त्यांचं वय झालंय, असं सगळ्यांनी आदरानं सांगितलं. त्यानंतर ते संघात आले नाहीत.

मग माझी गरजच संपत गेली. कचेऱ्यांत संगणक आले. अर्ज फोनवरून जाऊ लागले. अंगठा, फोटो आणि नंबर दिला की यंत्रच माणसाला ओळखू लागलं, किंवा ओळखत नाही म्हणून सांगू लागलं. नाही म्हटलं की कुणाकडे जायचं ते कुणाला कळेना. मी पत्र्याच्या डबीत पडून राहिलो. माझं रबर कडक झालं, काठाला चिरा गेल्या, डबीतलं स्टँप पॅड वाळून खडखडीत झालं. कधी वाईट वाटे, तर कधी बरंही वाटे, की आता आपल्या हातून काही चुकणार नाही.

मालोजी वारले. चिटणीसपद घ्यायला कुणी तयार नव्हतं, म्हणून ते संयोगिताकडे आलं. तीही आता सत्तेचाळीस वर्षांची झाली होती. व्हाइटफील्डच्या एका कंपनीत नोकरी, कॅबनं जायला दोन तास आणि यायला दोन तास. रविवारी सकाळी ती हॉल उघडी, बुकिंगची वही बघे आणि कुलूप लावून घरी जाई. संघाचं बाकी सगळं बोलणं फोनवरच्या ग्रुपमध्ये चाले, आणि तो ग्रुप शंभूराज चालवी.

त्या ग्रुपवरच हे सगळं सुरू झालं. येलहंक्याच्या पलीकडे नव्या उंच इमारती झाल्या आहेत. त्यांच्या मागे, सुकलेल्या तळ्याच्या कडेला, निळ्या ताडपत्रीच्या एकतीस झोपड्या होत्या. तिथली बायामाणसं त्याच इमारतींत झाडलोट करत, पुरुष बांधकामावर जात. कुणीतरी त्या झोपड्यांचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, की हे लोक देशाबाहेरून आलेले आहेत. ते पहिल्यांदा कुणी लिहिलं हे शेवटपर्यंत कळलं नाही. फोटो पुढे गेला, परत आला, आणखी पुढे गेला. आठ दिवसांत इमारतींतल्या लोकांनी तक्रार केली. झोपडीवाल्यांनी सांगितलं, की आम्ही बीदर जिल्ह्यातल्या औरादचे, आमची बोली मराठी. मग कचेरीतून संघाला विचारणा आली: ही माणसं तुमच्या ओळखीची आहेत का?

रविवारी शंभूराज टाइप केलेलं पत्र घेऊन आला. वर एकतीस घरांच्या कर्त्यांची नावं होती आणि खाली एक वाक्य, की सदर कुटुंबे आमच्या ओळखीची नाहीत. सही त्यानं आधीच केली होती. फक्त मी उठायचा बाकी होतो, आणि माझ्या डबीची किल्ली संयोगिताच्या पर्समध्ये होती.

तिनं पत्र दोनदा मोठ्यानं वाचलं. म्हणाली, आपण त्यांना भेटलोही नाही.

“तेच तर लिहिलंय, अक्का,” शंभूराज म्हणाला. “तू त्यांना ओळखतेस? नाही. मी ओळखतो? नाही. मग यात खोटं काय आहे?”

तिनं पत्र टेबलावर ठेवलं. मग तो जवळ खुर्ची ओढून बसला आणि हळू आवाजात त्यानं समजावलं, की दिवस बरे नाहीत. आज त्या झोपड्यांकडे बोट आहे. आपण त्यांची बाजू घेतली तर उद्या आपल्या घरांकडे वळेल. मराठी बोलणारे तुम्ही, मग तुम्ही तरी कुठले, असं कुणी विचारलं तर तीनशे वर्षांपूर्वीचा कागद कुठून आणणार? सोमवारी दहापर्यंत पत्र पोचलं पाहिजे, एवढं सांगून तो गेला. तो धमकी देत नव्हता. तोही घाबरलेला होता, आणि म्हणूनच मला त्याची जास्त भीती वाटली.

थोड्या वेळानं एक बाई दारात येऊन उभी राहिली. पन्नाशीची, अंगावर इमारतीतल्या कामाचा निळा एप्रन. तिचं नाव विठाबाई. त्या यादीत तिचं नाव पहिलंच होतं, पण तिला ते ठाऊक नव्हतं. तिनं प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढून टेबलावर मांडले. आधार, मतदानाचं कार्ड, गावच्या शाळेचा दाखला.

“समदी कागदं हाईत, ताई,” ती म्हणाली. “पर कुनी बगतच न्हाई. खोटी असतील म्हनतात. तुमी एकडाव येऊन बगा. मानसं बगा आमची.”

संयोगिता म्हणाली, बघते. विठाबाईनं तिच्या तोंडाकडे जरा वेळ पाहिलं, कागद पुन्हा पिशवीत घातले आणि गेली.

नंतर संयोगितानं दार लोटून घेतलं. तिनं डबी उघडली. मला हातात घेतलं. त्या पत्रावर नेलं, अगदी सहीच्या शेजारी, आणि तिथंच धरून ठेवलं. वर काय लिहिलं आहे हे त्या दिवशी मला माहीत होतं, आणि वाटत होतं, की मला पाय असते तर मी पळून गेलो असतो. आजवर मी एकच गोष्ट सांगत आलो होतो, की आम्ही यांना ओळखतो. माझ्याकडून उलटं कुणी वदवून घेईल, हे कधी मनातही आलं नव्हतं. तिनं मला कागदापासून दूर नेलं, डबीत घातलं, आणि डबी कपाटात ठेवायची सोडून पर्समध्ये टाकली.

सोमवारी सकाळी तिनं कंपनीला कळवलं, की बरं नाही. आणि ती ऑटोनं तळ्याकडे निघाली. मला काही दिसत नव्हतं, पण ऑटो थांबली तेव्हा जमीन हादरत होती. जेसीबी आधीच आला होता. शंभूराजचं पत्र येणारच आहे, असं धरून काम सुरू झालं होतं. बांबू मोडल्याचा आवाज आला. लेकरं रडत होती, पण मोठी माणसं मुळीच बोलत नव्हती. ते गप्प राहणं मला रडण्याहून भयानक वाटलं. संयोगितानं पर्स छातीशी घट्ट धरली. तिच्या काळजाचे ठोके मला लाकडातून कळत होते.

बाहेरचं सगळं मला तिनं नंतर घरी सांगितलं त्यावरून कळलं: तीन झोपड्या पडल्या होत्या. त्यांतली एक विठाबाईची. ज्वारीचं पीठ चिखलात सांडलं होतं आणि ती ते वरवरचं ओंजळीनं भरून घेत होती.

तिथं मंजुनाथ नावाचे अधिकारी हातात फाइल घेऊन उभे होते. संयोगितानं कानडीत सांगितलं, की मी संघाची चिटणीस. ते म्हणाले, बरं झालं, तुमच्याच पत्राची वाट पाहतोय. ती म्हणाली, पत्र अजून लिहिलेलं नाही, आधी मला माणसं बघायची आहेत. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. ते कठोर नव्हते. त्यांच्यावरही वरून कुणाचा तरी फोन सारखा येत होता. शेवटी त्यांनी यंत्र थांबवायला सांगितलं आणि म्हणाले, “स्वल्प वेळ देतो, मेडम. अर्धा तास.”

मित्रांनो, अर्ध्या तासात अठ्ठावीस घरं कशी बघणार? संयोगिता वाकून एका झोपडीत शिरली. गाव कुठलं, किती वर्षं झाली, शेजारी कोण, असं विचारत गेली. कुणी पाणी पुढं केलं, ते ती प्यायली. एका घरात सुनेला आठवा महिना होता. एका घरात म्हातारा खोकत होता आणि त्यानं तिला औरादच्या बाजाराचा रस्ता सांगायला घेतला, जणू तो बरोबर सांगितला नाही तर त्याचं घर जाईल. तो चुकला, थांबला, पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला. तो पुरता ऐकून मगच ती उठली, आणि त्यात पाच मिनिटं गेली. अर्धा तास संपला तेव्हा अकरा घरं बघून झाली होती.

ती उपड्या घागरीवर बसली. एकतीस घरं ओळखीची, असं लिहिलं तर ते खरं नव्हतं. अकराच लिहिली तर अजून उभी असलेली सतरा तिच्याच सहीनं पडणार होती. पेन हातात धरून ती थांबली. मंजुनाथ जवळ आले. जेसीबीवाल्यानं यंत्र पुन्हा सुरू केलं. तेव्हा विठाबाई पिठाचे हात पुसत आली आणि म्हणाली, की बाकीची मला ठाऊक हाईत, मी सांगते.

संयोगितानं लिहिलं: ‘यातली अकरा घरं मी स्वतः पाहिली. बाकीच्यांना विठाबाई ओळखते. विठाबाईला मी ओळखते.’ खाली सही, राहत्या घराचा पत्ता, फोन.

मग तिनं मला काढलं. पॅडवर शाई म्हणून काही उरलंच नव्हतं. विठाबाईनं त्यावर पाण्याचे चार थेंब टाकले. इतक्या वर्षांनी मला दाबलं, आणि काठाची चीर आत आत जाताना मला जाणवली. मी कागदावर पडलो. उठलो तेव्हा फिकट जांभळा अर्धा गोल उमटला होता. ‘साह्य संघ’ एवढं वाचता येत होतं. बाकीचं पुसट.

मंजुनाथांनी तो कागद उजेडात धरला. म्हणाले, या शिक्क्याला आता आमच्याकडे कुणी विचारत नाही. मग त्यांनी विचारलं, “पण सही तुमची आहे ना? उद्या चौकशी लागली तर याल?”

ती घाबरलेली होती, हे त्यांनाही दिसत होतं. ती म्हणाली, “येईन.”

त्यांनी कागद फाइलला लावला आणि चौकशीसाठी सात दिवसांची मुदत लिहून दिली. यंत्र परत गेलं.

हे सुटलं असं समजू नका. त्याच दुपारी शंभूराजनं दुकानात जाऊन दहा मिनिटांत नवा शिक्का करून घेतला. त्याला पॅड लागत नाही, शाई त्याच्या पोटातच असते. त्याचं पत्र संध्याकाळी पोचलं. एकाच फाइलमध्ये एकाच संघाची दोन पत्रं लागली, एकात ओळखतो आणि दुसऱ्यात ओळखत नाही. संयोगिताला ग्रुपमधून काढलं, चिटणीसपदावरूनही काढलं. अनोळखी नंबरांवरून फोन येत आणि समोरचा माणूस नुसता श्वास घेत राही. तिनं मला आपल्या घरी, कपड्यांच्या कपाटात ठेवलं होतं. फोन वाजला की कपाटाच्या काचेतही त्याची थरथर उतरे.

तिकडे तळ्याकाठी सात दिवसांची मुदत म्हणजे जगण्याची परवानगी, असं कुणाला वाटलंच नाही. आठव्या दिवशी यंत्र येणार, एवढंच सगळ्यांनी ऐकलं. रोज पहाटे दोन-तीन कुटुंबं बोचकी बांधून निघून जाऊ लागली. कुठं जातो ते विठाबाईलाही सांगत नव्हती, कारण तिला विचारलं तर तिला सांगावं लागेल.

चौकशी झाली. संयोगिताला बोलावलं, दोन तास प्रश्न विचारले. औरादहून कागद आले. ते सगळे खरे निघाले. सातव्या दिवशी मंजुनाथ स्वतः वस्तीवर आले. संयोगिताही गेली, आणि का कोण जाणे, मला पर्समध्ये घेऊन गेली. त्यांनी वाचून दाखवलं, की ही माणसं याच देशातली, याच राज्यातली आहेत, त्यांना हलवू नये. मग ते यादी वाचू लागले. एक नाव, आणि कुणीतरी हात वर केला. दुसरं नाव, आणि कुणीच नाही. तिसरं, चौथं, कुणीच नाही.

एकतीसपैकी बारा जणांनी हात वर केले. बाकीच्या एकोणीस नावांवर मंजुनाथ दर वेळी थांबत आणि दर वेळी विठाबाई उत्तर देई. “खरी मानसं हुती, साहेब. भिऊन गेली.”

एकोणीस वेळा तिनं तेच सांगितलं.

ती माणसं कुठं गेली, त्यांना खरं ठरवल्याचं त्यांना कधी कळलं का, मला माहीत नाही. सुनेला आठवा महिना होता ते घर त्यांच्यातच होतं. मला त्यांची रोज काळजी वाटते. आणि संघाच्या टेबलावर जो नवा शिक्का आहे त्याचीही. तो चांगला आहे, त्याचं रबर मऊ आहे, तो कधी पुसट उठत नाही. वरचं त्यालाही वाचता येत नाही.

मित्रांनो, माझ्यासारखे शिक्के यापुढे तुम्ही फारसे पाहणार नाही. पण उद्या तुमच्याही फोनवर एखादा फोटो येईल, एखादी यादी येईल, आणि कुणीतरी विचारील, की यांना ओळखता का? नाही म्हणणं फार सोपं असतं, आणि ते खरंही असतं. म्हणून एवढं मागतो. घाई करू नका. पुढे पाठवू नका. त्यांचं दार जवळच कुठंतरी असेल, आणि आत कुणीतरी कागदांची पिशवी मांडीवर घेऊन, बाहेरच्या प्रत्येक आवाजाला दचकत बसलं असेल. उशीर होण्याआधी जाऊन ते दार वाजवा. आणि वाजवाल तेव्हा हळूच वाजवा.